अंधारातले उंदीर आणि उजेडातली मुले

दृष्टिपटलाचा आनुवंशिक आजार असलेल्यांनी डोळ्यांना शक्य तितका कमी प्रकाश द्यावा, म्हणजे आजाराची चाल मंदावते, या अर्थाचे विधान आता अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते कोणी, कशावर आणि कसे तपासले हे विचारण्याची गरज मात्र कोणाला वाटत नाही. चष्म्याच्या दुकानातील पत्रके, वर्तमानपत्रांच्या आरोग्य पुरवण्या, विज्ञानविषयक लेख, सगळीकडे ते थोड्याफार फरकाने येते. पुष्कळदा त्याला 'संशोधनाने सिद्ध झाले आहे' अशी शेपटीही जोडलेली असते. या लेखात आम्ही त्या शेपटीची चौकशी करणार आहोत.

चौकशीचे कारण असे. हे विधान वाचून जे निर्णय होतात ते घरात आणि शाळेत होतात. मुलाला दुपारी बाहेर पाठवायचे नाही, वर्गात खिडकीपासून लांब बसवायचे, फळ्याकडे पाहतानाही काळा चष्मा घालायला लावायचा, सहलीला न्यायचे नाही. ज्या मुलाची डोळसपणाची वर्षे आधीच मोजकी असण्याचा संभव आहे, त्याच्याकडून आपण आणखी काही काढून घेत असू, तर त्या बदल्यात त्याला काय मिळते हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

आधी आजाराविषयी थोडेसे. या गटातला सर्वांत परिचित आजार म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. डच नेत्रतज्ज्ञ फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८५७ साली हे नाव वापरले. त्याच्या सहाच वर्षे आधी, १८५१ मध्ये, हेल्महोल्ट्झ यांनी डोळ्याच्या आत पाहण्याचे उपकरण तयार केले होते. त्यामुळे जिवंत माणसाच्या दृष्टिपटलावर विखुरलेले काळे डाग तेव्हा नुकते कुठे दिसू लागले होते. 'रेटिनायटिस' म्हणजे दृष्टिपटलाचा दाह. हा मुळात दाहाचा आजार नाही, पण नाव एकदा रुळले की रुळले. प्रत्यक्षात होते ते असे: मंद उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या दंडपेशी वर्षानुवर्षे थोड्याथोड्या मरत जातात. मूल संध्याकाळनंतर चाचपडू लागते. मग नजरेचा घेर आकसत जातो आणि बोगद्यातून पाहावे तसे फक्त समोरचे दिसते. पुढे बारकावे आणि रंग ओळखणाऱ्या शंकुपेशीही दगा देतात. या साऱ्याला एखाद्याच्या बाबतीत दहा वर्षे लागतात, दुसऱ्याच्या बाबतीत चाळीस.

जगात साधारणपणे चार हजारांमागे एकाला हा आजार असतो असे धरले जाते. पण नागपूरजवळच्या ग्रामीण भागात २००६ ते २००८ या काळात तीस वर्षांवरील लोकांची जी पाहणी झाली, तिच्यात सुमारे साडेसातशे माणसांमागे एक रुग्ण आढळला. तेव्हा आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या शाळेत असा विद्यार्थी येऊन गेला असेल. रातांधळेपणा म्हटले की आपल्याला अ जीवनसत्त्वाची कमतरता आठवते, आणि लहान मुलांत ते कारण आधी तपासायलाच हवे. तो रातांधळेपणा जीवनसत्त्वाने बरा होतो. हा होत नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्यावी, कारण पुढचा सारा वाद तिच्यावर उभा आहे. रेटिनायटिस पिगमेंटोसा हे नाव एक असले तरी आजार एक नाही. आजवर ऐंशीहून अधिक जनुके सापडली आहेत, ज्यांपैकी कोणत्याही एकात बिघाड झाला तरी शेवटी चित्र तेच दिसते. एसटी घाटात बंद पडली, एवढ्या माहितीवर दुरुस्ती होत नाही. डिझेल संपले आहे, पंक्चर झाले आहे की गिअर तुटला आहे, हे कळावे लागते. घाटात उभी असलेली गाडी मात्र लांबून तिन्ही वेळा सारखीच दिसते.

प्रकाशाच्या कल्पनेचा उगम उंदरांत आहे. १९६२ साली अमेरिकेत जॉन डाउलिंग आणि रिचर्ड सिडमन यांनी जन्मतः दृष्टिपटलाचा ऱ्हास होणाऱ्या उंदरांच्या एका वाणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सवरून या वाणाला 'आरसीएस' म्हणतात. हे उंदीर अंधारात वाढवले तर त्यांच्या पेशींचा ऱ्हास सावकाश होतो, असे त्यांना दिसले. निरीक्षण पक्के होते. त्याचे कारण मात्र हप्त्याहप्त्याने कळले. निरोगी डोळ्यात दंडपेशीचे बाहेरचे टोक रोज थोडे झडते आणि मुळाकडून नवे तयार होते. साधारण दहा दिवसांत ते सगळे बदलून जाते. झडलेला भाग मागच्या रंगद्रव्याच्या थरातील पेशी गिळून टाकतात. आरसीएस उंदरांत हे गिळण्याचेच काम बंद असते आणि कचरा साचत जातो. बिघडलेले जनुक कोणते, हे २००० साली कळले. त्याचे नाव एमईआरटीके. त्याच वर्षी काही माणसांतही या जनुकाचा बिघाड आढळला.

पण ती माणसे थोडी. आरसीएस उंदीर ज्या एका बिघाडाचा नमुना आहे तो ऐंशीतला एक. अंधाराचा उपयोग या उंदराला झाला, यावरून तो सर्वांना होईल असे म्हणणे म्हणजे गिअर तुटलेल्या गाडीवरून पंक्चर झालेल्या गाडीचे निदान करणे होय.

दुसरा धागा निरोगी उंदरांचा. १९६६ मध्ये बफेलो येथील वेर्नर नोएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कोणताही आनुवंशिक दोष नसलेल्या पांढऱ्या उंदरांना साध्या ट्यूबलाइटच्या गाळलेल्या हिरव्या प्रकाशात सलग एक दिवस ठेवले, तरी त्यांच्या दृष्टिपटलाची कायमची हानी होते. डोळे दिपवणारा प्रकाश त्यासाठी लागला नाही. उंदराच्या शरीराचे तापमान वाढवले तर हानी आणखी लवकर झाली. कोणत्या रंगाचा प्रकाश किती घातक, याचा आलेख दंडपेशीतील ऱ्होडॉप्सिन या द्रव्याच्या शोषणाशी जुळत होता. म्हणजे ज्या द्रव्यामुळे दिसते त्याच द्रव्यातून हानीचा मार्ग जात होता. झुरिचमधील शास्त्रज्ञांनी २००० साली याची उलट बाजू तपासली. ज्या उंदरांत आरपीई६५ या जनुकाअभावी ऱ्होडॉप्सिन तयारच होत नाही, त्यांना तसा प्रकाश दिला तर हानी झाली नाही. नोएल यांच्या निष्कर्षाला इतका स्वच्छ पडताळा मिळाला याचे आम्हाला कौतुक वाटते.

तरीही हे प्रयोग वर्गात सांगताना त्या उंदराचे वर्णन गाळू नये. तो निशाचर प्राणी आहे. तो पांढरा आहे, म्हणजे त्याच्या बुबुळातही रंगद्रव्य नाही. त्यामुळे प्रकाश बाहुलीतून येतो तसा बुबुळातूनही आत झिरपतो. त्याला चोवीस तास अखंड उजेडात ठेवलेले आहे आणि डोक्यावर टोपी घालून सावलीत जाणे त्याच्या हाती नाही. डोळ्यात रंगद्रव्य असलेल्या आरसीएस उंदरांतही ऱ्हास गुलाबी डोळ्यांच्या उंदरांपेक्षा सावकाश होतो. सांगलीतल्या आठवीच्या मुलाचा डोळा आणि हा डोळा यांत अंतर बरेच आहे.

आता माणसांकडे येऊ. बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ एलियट बर्सन यांनी १९७१ मध्ये एक गृहीतक मांडले: आजाराच्या सुरुवातीला डोळ्याचा प्रकाश तोडला तर माणसातही ऱ्हास मंदावेल काय? त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच 'गृहीतक' हा शब्द होता, ही गोष्ट नंतर उद्धृत करणाऱ्यांनी लक्षात ठेवली असती तर बरे झाले असते. बर्सन यांनी स्वतः ती ठेवली. त्यांनी दोन रुग्णांच्या एका डोळ्यावर पूर्ण अपारदर्शक भिंग बसवले. ते रोज सहा ते आठ तास असायचे, आणि हे पाच वर्षे चालले. १९८० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. झाकलेला डोळा आणि उघडा डोळा यांत फरक आढळला नाही.

प्रयोगाची रचना मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. तुलनेसाठी दुसरा माणूस घेतला असता तर त्याचे वय वेगळे, आहार वेगळा, आणि मुख्य म्हणजे जनुक वेगळे असते. येथे तुलनेचा डोळा त्याच कपाळाखाली होता. नियंत्रित प्रयोगाचे यापेक्षा सुटसुटीत उदाहरण पाठ्यपुस्तकात सापडणे कठीण. तेव्हा त्या दोन रुग्णांचे जनुक कोणते हे कळण्याचा काही मार्ग नव्हता, कारण या आजाराचे पहिले उत्परिवर्तन सापडायला १९९० साल उजाडावे लागले.

या प्रयोगाचा अर्थ लावताना मात्र दोन्ही बाजूंनी ओढाताण झाली. एका बाजूने म्हटले, प्रकाशाचा काही संबंध नाही हे ठरले. दुसऱ्या बाजूने म्हटले, दोनच तर रुग्ण, प्रयोग सोडून द्या. आम्हाला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांकडून पुढचे गणित करून घ्यावे. बर्सन यांच्याच गटाने १९८५ मध्ये नोंदवले की प्रकाशाला दृष्टिपटल जो विद्युत प्रतिसाद देते, तो या रुग्णांत दर वर्षी सरासरीने उरलेल्याच्या १६ टक्के घटतो. म्हणजे आज १०० असेल तर वर्षाने ८४, मग त्याचे ८४ टक्के, असे करत पाच वर्षांनी सुमारे ४२ उरेल. समजा, डोळा झाकल्याने ऱ्हासाचा वेग पावपट कमी झाला, १६ ऐवजी १२ टक्के. मग पाच वर्षांनी सुमारे ५३ उरेल. ४२ आणि ५३. कागदावर फरक ठसठशीत दिसतो. पण हा प्रतिसाद क्षीण झाला की एकाच डोळ्याचे आज आणि महिन्याने घेतलेले मापही बरेच हलते, आणि माणसे फक्त दोन. इतका फरक असता तरी निसटू शकला असता. शिवाय दिवसाचे सहा-आठ तास झाकले तरी जागेपणीचे निम्मे तास उघडेच होते.

तेव्हा १९८० चा निकाल सांगतो ते एवढेच: उंदरांत दिसला तसा ठळक फायदा या दोघांत नव्हता. हे छोटे वाक्य आहे, पण ते मोजून मिळवलेले आहे. त्या काळी हाती असलेला माणसांवरचा थेट पुरावा हाच होता आणि तो नकाराकडे झुकणारा होता. 'सिद्ध झाले आहे' असे छापणाऱ्यांनी निदान याचा उल्लेख करायला हवा होता.

यानंतर कथेला जे वळण मिळाले त्यामुळे आम्ही ही कल्पना निकालात काढायला तयार नाही. १९९० मध्ये थॅडियस ड्रायजा, बर्सन आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतील काही कुटुंबांत ऱ्होडॉप्सिनच्या जनुकातील एक बदल सापडला. या प्रथिनाच्या साखळीत २३ व्या जागी प्रोलीनऐवजी हिस्टिडीन बसले होते. ज्या द्रव्यातून प्रकाशाची हानी होते तेच द्रव्य येथे वाकडे होते. मग अशा डोळ्याला प्रकाश अधिक बाधेल ही शंका रास्त होती. १९९६ मध्ये अशा बदलाचे जनुक घातलेल्या छोट्या उंदरांत ती खरी ठरली: उजेडात वाढलेल्यांचा ऱ्हास अंधारात वाढलेल्यांपेक्षा जलद झाला.

सर्वांत अस्वस्थ करणारा पुरावा कुत्र्यांतून आला. इंग्लिश मॅस्टिफ जातीच्या काही कुत्र्यांत ऱ्होडॉप्सिनच्या चौथ्या जागी निसर्गतःच बदल झालेला आढळला, आणि याच जागेचा बदल माणसांतही आढळला आहे. आर्टुर सिडेसियन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवले की दवाखान्यात दृष्टिपटलाचे छायाचित्र घेताना जितका प्रकाश वापरतात, तेवढ्याने या कुत्र्यांच्या दृष्टिपटलाला इजा होते आणि ऱ्हास झपाट्याने पुढे जातो. येथे पांढरा उंदीर नाही, चोवीस तासांचा उजेड नाही, मुद्दाम घातलेले जनुक नाही. डोळा आकाराने माणसाच्या डोळ्याजवळचा आहे. अशा उत्परिवर्तनाच्या माणसांची तपासणी करताना प्रकाश बेतानेच वापरावा, एवढे यावरून म्हणायला आम्ही मोकळे आहोत.

पण पुन्हा जनुकाचे नाव विचारावे लागते. २३ व्या जागेचा तो बदल अमेरिकेत एका समान पूर्वजाकडून पसरलेला दिसतो, आणि इतर देशांत तो क्वचित सापडतो. आपल्याकडे चित्र निराळे आहे. नात्यातल्या लग्नांमुळे, मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा यांच्याशी होणाऱ्या विवाहांमुळे, अप्रभावी जनुकांचे आजार वर येण्याची शक्यता वाढते. ऱ्होडॉप्सिनचे वर सांगितलेले बदल प्रभावी प्रकारचे आहेत, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आले तरी पुरतात. प्रकाशाविरुद्धचा सर्वांत सबळ पुरावा ज्या बदलांविषयी आहे, ते बदल आपल्या वर्गातल्या मुलात असतीलच असे मुळीच नाही.

अंधाराच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद वारंवार येतो, आणि तो आम्हाला सर्वांत कच्चा वाटतो: अंधारात डोळ्याला विश्रांती मिळते. पापण्या मिटल्यावर आपल्याला तसे वाटते खरे. दंडपेशीचा कारभार मात्र उलटा आहे. अंधारात तिच्या बाहेरच्या टोकावरील वाहिन्या उघड्या असतात, सोडियम आत येत राहतो, आणि तो बाहेर फेकण्यासाठी तिला अखंड ऊर्जा खर्चावी लागते. प्रकाश पडला की वाहिन्या मिटतात आणि खर्च उतरतो. दंडपेशीला प्राणवायूची सर्वाधिक भूक लागते ती रात्री. विद्यार्थ्यांना हे सांगून पाहावे. बहुतेकांना आधी खरे वाटत नाही.

हे इतके खरे आहे की त्यावरून नेमका विरुद्ध उपचारही सुचला. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेफ्री आर्डेन यांनी मांडले की मधुमेहात दृष्टिपटलाचे जे नुकसान होते त्यात रात्रीच्या या प्राणवायूच्या ओढाताणीचा वाटा असावा. मग झोपेतही डोळ्यावर मंद प्रकाश टाकला तर दंडपेशींची भूक कमी होईल. कल्पना सुरेख होती. ब्रिटनमध्ये ३०८ रुग्णांवर दोन वर्षे ती तपासली, प्रकाश देणारा मुखवटा घालून त्यांना झोपवले, आणि २०१८ मध्ये निकाल आला: उपयोग नाही. म्हणजे एका आजारात प्रकाश कमी करा, दुसऱ्यात प्रकाश वाढवा, दोन्ही सल्ले पेशीच्या खऱ्याखुऱ्या गुणधर्मांवर आधारलेले. आणि दुसरा सल्ला माणसांवर नीट तपासल्यावर गळून पडला. पहिल्याची इतकी मोठी तपासणी अजून झालेली नाही.

ती होणे सोपेही नाही. औषधाच्या चाचणीत खरी गोळी कोणाला आणि खोटी कोणाला हे लपवता येते. डोळा झाकला आहे की नाही हे रुग्णापासून कसे लपवणार? आजार सावकाश चालणारा, म्हणून वर्षे मोजावी लागतात. आणि ज्याची दृष्टी जात आहे त्याला 'चाचणीसाठी तुझा एक डोळा पाच वर्षे मिटून ठेव' म्हणणे किती अवघड आहे!

आजाराच्या आकारावरूनही काही लोक निष्कर्ष काढतात. रेटिनायटिस पिगमेंटोसाच्या एका प्रकारात दृष्टिपटलाचा फक्त खालचा भाग बिघडतो. सूचिछिद्र कॅमेरा केलेल्या मुलांना ठाऊक असते की प्रतिमा उलटी पडते, म्हणून आकाशाचा प्रकाश दृष्टिपटलाच्या खालच्या भागावर पडतो. ऱ्होडॉप्सिनच्या काही उत्परिवर्तनांत हा आकार आढळला आहे, आणि तो प्रकाशाच्या कल्पनेशी छान जुळतो. पण जुळणे आणि सिद्ध होणे यांत अंतर असते. नेहमीच्या प्रकारात ऱ्हास सुरू होतो तो मध्यापासून दूर, जेथे दंडपेशी सर्वांत दाट असतात त्या पट्ट्यात. आपण ज्याकडे रोखून पाहतो त्याची प्रतिमा जेथे पडते तो मध्यबिंदू शेवटपर्यंत टिकतो. प्रकाशच मुख्य गुन्हेगार असता तर त्याने हा क्रम का पाळावा? खालचा भाग दाखवायचा आणि मधला झाकायचा, ही वकिली झाली.

स्टारगार्टच्या आजारात बाजू थोडी बरी आहे. हा मुलांत आणि तरुणांत मधली दृष्टी घालवणारा आजार. त्याचे एबीसीए४ हे जनुक १९९७ मध्ये सापडले. प्रकाश शोषल्यावर अ जीवनसत्त्वापासून बनलेल्या रेणूची जी उलाढाल होते, तिच्यातला एक टप्पा यात अडतो आणि एक विषारी गाळ साचतो. हे जनुक नसलेले उंदीर पूर्ण अंधारात वाढवले तेव्हा तो गाळ तयारच झाला नाही, असे २००० मध्ये दिसले. येथे प्रकाश आणि हानी यांना जोडणारी साखळी कडीकडीने माहीत आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्समधील पाच रुग्णांच्या एका डोळ्यावर जागेपणी वर्षभर काळे भिंग ठेवले, तेव्हा बिघडलेल्या भागाची वाढ त्या डोळ्यात काहीशी कमी दिसली. पाचच माणसे आणि एकच वर्ष. म्हणून आम्ही याला आशादायक म्हणू, त्याहून जास्त नाही.

मग शिक्षकाने काय करावे? उघड्यावर रणरणत्या उन्हात टोपी आणि चांगला गडद चष्मा, हा सल्ला देण्यास आमची हरकत नाही. मॅथ्यू लाव्हेल यांनी सहकाऱ्यांसह २००६ मध्ये या विषयाचा जो आढावा घेतला त्याचाही कल असाच होता. याला खर्च कमी, आणि चकाकीने दिपणाऱ्या या मुलांना त्याने लगेच बरे वाटते. भर दुपारी मैदानावर एक लाख लक्सपर्यंत प्रकाश असतो, चांगल्या उजेडाच्या वर्गात तीन-चारशे. मैदानावरचा प्रकाश चष्म्याने एक दशांश केला तरी तो वर्गाच्या पंचवीस-तीस पट उरतो. दिसण्याला बाध येत नाही. तोच चष्मा वर्गात घातला तर तीस-चाळीस लक्स हाती राहतात. ज्याच्या दंडपेशी आधीच गेल्या आहेत त्याला त्या उजेडात फळा, वही आणि शेजारच्या बाकाची कड वेगळी काढता येत नाही. या मुलाला वर्गात इतरांपेक्षा जास्त उजेड लागतो. फक्त तो त्याच्या मागून किंवा बाजूने यावा, समोरून डोळ्यात नको.

निळा प्रकाश गाळणाऱ्या चष्म्यांच्या जाहिराती हल्ली या आजाराचे नाव घेऊन निरोगी मुलांच्या पालकांनाही घाबरवतात. फोनच्या पडद्याची उजळता चौरस मीटरमागे काही शे कँडेला असते, दिवसाच्या निळ्या आकाशाची काही हजार. पडद्याला भिऊन मुलाला चष्मा लावायचा आणि आकाशाकडे मात्र लक्ष द्यायचे नाही, याला हिशेब म्हणत नाहीत. निरोगी भावंडांच्या बाबतीत तर बाहेरचा उजेड फायद्याचा आहे. चीनमधील ग्वांगझू येथे १२ प्राथमिक शाळांत झालेल्या चाचणीत शाळेच्या दिवशी ४० मिनिटे जास्त बाहेर घालवलेल्या मुलांपैकी ३०.४ टक्क्यांना तीन वर्षांत लघुदृष्टी आली, इतरांत ३९.५ टक्क्यांना. एका मुलाच्या आजारापायी घरातल्या साऱ्या मुलांना पडद्याआड ठेवणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत.

आजार कोणत्या जनुकाचा, हे आता रक्ताच्या तपासणीतून पुष्कळ कुटुंबांत कळू शकते. आरपीई६५ या एका जनुकासाठी २०१७ मध्ये अमेरिकेत जनुकोपचाराला मान्यताही मिळाली. म्हणून पालक प्रकाशाविषयी विचारायला आले तर त्यांना पहिला प्रश्न उलट विचारावा: जनुक कळले आहे का? ऱ्होडॉप्सिन निघाले तर डोळ्याच्या डॉक्टरांशी तपासणीच्या प्रकाशाविषयीही बोलावे. एबीसीए४ निघाले तर बाहेर चष्मा आणि टोपी यांबाबत जरा अधिक काटेकोर असावे. दुसरे काही निघाले, किंवा काहीच कळले नाही, तर अंधाराने फायदा होतो असे म्हणायला माणसांतला आधार नाही, आणि त्या नावाखाली मुलाचे खेळणे किंवा सहल बंद करू नये. कवायतीच्या वेळी टोपी आणि रंगीत चष्मा चालत नाही असा नियम शाळेत असेल, तर त्याला अपवाद करण्यासाठी मुख्याध्यापकांची एक सही पुरते.